ट्रान्सप्लांटनंतर जुलाब थांबतच नाहीत तेव्हा

माझी किडनी आईची आहे. ऑपरेशनला दीड वर्ष झालं होतं, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, वाढला की वाईट) १.२ वर बसलं होतं आणि मी जरा निर्धास्त झालो होतो. चवथीनंतरच्या आठवड्यात आमच्या डिचोलीच्या घरात एका रात्रीत सगळ्यांनाच उलट्या-जुलाब लागले. पुतणी बहुतेक शाळेतून घेऊन आली असावी. तिसऱ्या दिवशी ती अंगणात उड्या मारत होती, भाऊ कामाला गेला, आई चुलीपाशी. मी मात्र पुढचे अकरा आठवडे खाट ते संडास एवढ्याच वाटेवर होतो. वजन सहा किलोंनी उतरलं.

नुकतंच ट्रान्सप्लांट झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. तुमची गोळी किती, कुठली, हे तुमचा नेफ्रॉलॉजिस्टच, म्हणजे किडनीचा डॉक्टरच सांगणार. पण फोन कधी करायचा, काय मोजून ठेवायचं आणि काय करायचं नाही, हे मला त्या अकरा आठवड्यांआधी कोणी सांगितलं असतं तर निम्मा त्रास वाचला असता.

हे इतके दिवस का चालतं

आमच्या घरात फिरलेला विषाणू नोरोव्हायरस निघाला. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावच्या शाळेत १९६८ साली एकदम पुष्कळ मुलं आजारी पडली. १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तो दिसला आणि त्या गावाचं नाव त्याला चिकटलं. बिचारं गाव.

धडधाकट माणसाला तो एक ते तीन दिवस झोपवतो आणि जातो. त्याला बाहेर काढण्याचं काम आपल्या शरीरातल्या ज्या पेशी करतात, त्यांनाच आपण रोज सकाळ-संध्याकाळ टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट देऊन दाबून ठेवतो, कारण त्याच पेशी मोकळ्या सुटल्या तर किडनीवर तुटून पडतील. त्यामुळे विषाणू आतड्याच्या अस्तरात ठाण मांडून बसतो. आठवडे, महिने, क्वचित वर्षाच्या वरसुद्धा. मधे चार-पाच दिवस बरं वाटतं, आपण आनंदाने पाव-भाजी खातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे येणं-जाणं आजाराचा भागच आहे. तुमचं काही चुकलं म्हणून ते होत नाही.

रोटाव्हायरस, सॅपोव्हायरस आणि अ‍ॅडिनोव्हायरसही आपल्यात असेच रेंगाळू शकतात. नोरो त्यांत जास्त भेटणारा.

पहिला दिवस: वही, वजनकाटा, फोन

कितीदा गेलो हे सगळेच मोजतात. मोजा, पण खरा हिशेब वजनकाट्यावर आहे. सकाळी उठल्यावर, लघवी करून, काही खाण्याआधी, त्याच कपड्यांत वजन करा आणि लिहा. दोन दिवसांत एक किलो उतरलं तर ती चरबी नव्हे, साधारण लिटरभर पाणी गेलं. आईची किडनी असो की अनोळखी दात्याची, पाणी आटलं की सगळ्यात आधी तीच सुकते.

वहीत रोज पाच गोष्टी लिहायच्या: वजन, ब्लड प्रेशर, ताप, लघवी किती झाली आणि जुलाब किती वेळा. लघवीसाठी जुनं प्लास्टिकचं मापाचं भांडं ठेवा. माझं पोहे मोजायचं होतं. ते त्यानंतर स्वयंपाकघरात परत गेलं नाही, हे सांगायला नको. साखर असेल, किंवा टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइडमुळे नव्याने सुरू झाली असेल, तर तीही तपासा.

फोन पहिल्याच दिवशी करा. आपल्याकडची सवय अशी की आज बघू, उद्या बघू, डॉक्टरांना उगाच कशाला त्रास. माझं ऑपरेशन गोव्याबाहेर झालं, तिथल्या कोऑर्डिनेटर बाईंना मी पाचव्या दिवशी फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "पाच दिवस कशाची वाट पाहिलीत?" उत्तर नव्हतं.

पुढच्यापैकी काही दिसलं तर फोनवर थांबू नका, सरळ इस्पितळ गाठा: गोळ्या पोटात टिकत नाहीत, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, लघवी अगदी कमी किंवा काळपट, ताप १००.४ च्या वर, शौचात रक्त, नव्या किडनीच्या जागी दुखणं, किंवा दोन दिवसांत दोन किलो वजन खाली. रात्र असेल तर १०८ ला फोन करा. सकाळची वाट पाहायची नाही.

गोळ्यांना हात लावायचा नाही

इथे मी सगळ्यात मोठी चूक केली, म्हणून सविस्तर सांगतो.

मला वाटलं, एवढे जुलाब होतायत तर गोळी पोटात राहतच नसणार, वाहून जात असणार. किडनी रिजेक्ट व्हायची भीती डोक्यात पक्की होती. मग मी कोणाला न विचारता टॅक्रोलिमसची मात्रा दीडपट केली. चार दिवसांनी हात थरथरायला लागले. लॅबमधल्या मुलीने फॉर्म पुढे केला, सही करायला पेन टेकवलं आणि माझ्या नावाच्या जागी शाळकरी पोराने ओढल्यासारखी वेडीवाकडी रेघ उठली. तिने एकदा कागदाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. लेव्हल, म्हणजे रक्तातलं टॅक्रोलिमसचं प्रमाण, आली १७.८. माझी असायला हवी होती आठच्या आत. क्रिएटिनिन २.१.

मला वाटलं होतं त्याच्या अगदी उलट घडलं होतं. आतड्याच्या अस्तरात एक एन्झाइम असतं, जे टॅक्रोलिमसचा मोठा भाग रक्तात पोचण्याआधीच मोडून टाकतं. तिथे एक पंपही असतो, जो औषध परत आतड्यात ढकलतो. तुमची रोजची मात्रा हे नुकसान धरूनच ठरवलेली असते. जुलाबात अस्तर खरवडलं जातं, मोडणारा आणि ढकलणारा दोघेही गैरहजर होतात आणि तीच गोळी जास्त प्रमाणात रक्तात शिरते. वाढलेलं टॅक्रोलिमस किडनीच्या रक्तवाहिन्या आवळतं. आधीच पाणी आटलेलं, त्यात हे. हात थरथरणं, डोकं दुखणं, झोप उडणं ही त्याची खूण.

म्हणून जुलाब दोन-तीन दिवसांच्या पुढे गेले की टॅक्रोलिमस लेव्हल, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि मॅग्नेशियम हे रक्तातून बघावंच लागतं. लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी. गोळी घेऊन मग लॅबला गेलात तर आकडा फुगलेला येतो आणि सगळ्यांचीच धांदल उडते. गोळी खिशात ठेवून जा, रक्त दिल्यावर तिथल्याच बाकावर बसून घ्या. आमच्याकडचा नमुना गोव्याबाहेर जातो आणि रिपोर्टला दोन दिवस लागतात. म्हणून शनिवारी रक्त देऊ नका, सोमवार किंवा मंगळवार गाठा.

उलटा धोकाही आहे. जुलाब थांबवायचे म्हणून कोणी स्वतःच्या मनाने मायकोफेनोलेट बंद करतो. त्या गोळीनेही जुलाब होतात, हे खरं. पण ती कमी करायची तर किती, किती दिवस, आणि त्या काळात क्रिएटिनिन कितीदा बघायचं, हे सगळं मिळून एक निर्णय असतो. तो तुमचा नाही, तुमच्या डॉक्टरांचा.

गोळी घेतल्यावर उलटी झाली तर वेळ लिहून ठेवा: गोळी कधी घेतली, उलटी कधी झाली, उलटीत गोळी दिसली का. मग फोन करून विचारा, पुन्हा घ्यायची की नाही. आणि त्याच फोनवर हेही विचारा: ब्लड प्रेशरच्या, लघवीच्या आणि साखरेच्या गोळ्यांपैकी कुठल्या काही दिवस थांबवायच्या? टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, मेटफॉर्मिन यांसारखी औषधं पाणी आटलेल्या शरीरात किडनीला जड जाऊ शकतात. तुम्ही विचारलंत तर लगेच उत्तर मिळतं. न विचारता कोणी आपणहून सांगेलच असं नाही.

पाणी, ओआरएस आणि शहाळं

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी घ्या, पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदमच घाला आणि चोवीस तासांत संपवा. अर्धी पुडी ग्लासात असला हिशेब करू नका, मीठ-साखरेचं प्रमाण बिघडतं. दुकानात मिळणारी गोड टेट्रापॅक पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही अशा पेयांवर ते नाव लावायला मनाई केली. साखर जास्त असलेलं पेय आतड्यात पाणी ओढतं आणि जुलाब वाढवतं. घोटघोट प्या. एका दमात ग्लास संपवलात तर तो परत येतो.

आता शहाळं. गोव्यात पोट बिघडलं की शेजारीपाजारी पहिल्यांदा आडसरच घेऊन येतात. प्रेमाने आणलेलं नाकारायचं कसं? पण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. टॅक्रोलिमस पोटॅशियम चढवतं, सेप्ट्रान हे अँटिबायोटिक घेत असाल तर तेही चढवतं, आणि क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर किडनी ते बाहेर टाकत नाही. दुसरीकडे जुलाबातून पोटॅशियम जातही असतं. म्हणजे तुमचं वर आहे की खाली, हे रक्त पाहिल्याशिवाय कळत नाही. रिपोर्ट येईपर्यंत शहाळं शेजाऱ्यांच्या पोरांना द्या. माझं ५.६ निघालं होतं, आणि मी तोवर दिवसाला दोन पीत होतो.

तपासणीला काय सांगायचं

मला सुरुवातीला दोनदा "स्टूल रूटीन" केलं आणि दोन्ही वेळा "नॉर्मल" आलं. लॅबमधल्या साध्या मायक्रोस्कोपखाली विषाणू दिसत नाही, त्यामुळे ते नॉर्मल येणारच. नोरो शोधायला शौचाची पीसीआर तपासणी लागते. एकाच नमुन्यात वीसेक जंतू शोधणारे पॅनेल मिळतात. खिशाला ते जड आहे, पण महिनाभर अंदाजाने अँटिबायोटिक खाण्यापेक्षा परवडतं. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, वर त्यातून क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचं दुसरं दुखणं मागे लागू शकतं.

नोरो सापडला म्हणून शोध तिथेच संपवू नका. आपल्या देशात ट्रान्सप्लांटच्या पेशंटांत क्रिप्टोस्पोरिडियम, सायक्लोस्पोरा, मायक्रोस्पोरिडिया हे परजीवी भेटतात. त्यांना साध्या तपासणीत शोधायचं तर वेगळे रंग लावावे लागतात आणि ते लॅबला आधी सांगावं लागतं. या परजीवींपैकी बऱ्याच जणांवर औषध आहे, म्हणून ते हुकले तर वाईट वाटतं. दुसरा मोठा संशयित सीएमव्ही, म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस हा आणखी एक विषाणू. त्याची पीसीआर रक्तातून होते, पण आतड्यातला सीएमव्ही कधी कधी रक्तात दिसतच नाही, आणि मग कोलोनोस्कोपी करून तुकडा तपासावा लागतो. माझ्या डॉक्टरांनी आठव्या आठवड्यात ती करायला लावली. आदल्या दिवशी आतडं रिकामं करणारं औषध प्यायला सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. माझं आतडं रिकामं करायला आणि औषध कशाला?

आणि एक गोष्ट मनात पक्की करा. बरं वाटायला लागल्यावरही पीसीआर कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येत राहते. दर पंधरा दिवसांनी तपासणी करून मन कडू करून घेऊ नका. शौच बांधून होतं का, वजन चढतंय का, क्रिएटिनिन जुन्या जागी आलं का, हे बघा.

मग उपचार काय

नोरोव्हायरसला मारणारं मान्यता मिळालेलं औषध आजच्या घडीला नाही, लस नाही. हे मला एका तरुण डॉक्टरने खुर्ची पुढे ओढून, शांतपणे सांगितलं आणि मला उलट बरं वाटलं. निदान मी काही चुकवतोय असं तरी नाही.

जे करता येतं त्यात पहिलं म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा एकूण भार थोडा हलका करणं. बहुधा मायकोफेनोलेट कमी करतात, कधी काही काळ थांबवतात, कधी त्याच्या जागी दुसरी गोळी देतात. टॅक्रोलिमस सहसा चालू ठेवून लेव्हल नीट बांधून घेतात. यात रिजेक्शनचा धोका असतो, म्हणून या दिवसांत रक्त आठवड्याला, कधी आठवड्यातून दोनदा. माझी मायकोफेनोलेट निम्मी केली. फरक जाणवायला तीन आठवडे लागले. दुसऱ्याच दिवशी चमत्कार होईल अशी आशा धरू नका, नाहीतर चौथ्या दिवशी तुम्हीच डॉक्टर बदलायला निघाल.

नायटाझोक्सानाइड नावाची गोळी काही डॉक्टर देऊन बघतात. काहींना गुण येतो, काहींना नाही. तोंडावाटे इम्युनोग्लोब्युलिनही (तयार अँटिबॉडी) काही ठिकाणी वापरलं गेलंय, त्याचंही तसंच. जुलाब बांधणारी लोपेरामाइड आपल्या मनाने घ्यायची नाही. दुसरा जंतू नाही याची खात्री झाल्यावर डॉक्टर कधी कधी मोजून देतात.

आणि आपली आवडती कुड्याची साल. कोकणापासून काणकोणापर्यंत प्रत्येक घरात जुलाबाला कुडा माहीत आहे. आजीने कितीतरी माणसं त्यावर बरी केली असतील. पण त्या माणसांच्या पोटात टॅक्रोलिमस नव्हतं. कुडा, गुळवेल, अश्वगंधा, कसलेही काढे, हळदीच्या कॅप्सूल, सगळं लांब ठेवा. गुळवेल तर प्रतिकारशक्ती वाढवते म्हणूनच देतात. ती वाढली की पहिली धडक किडनीला. जेवणातली हळद चालते. जिवंत जंतूंच्या पुड्या आणि छोट्या बाटल्या इथे कुठल्याही जुलाबाला लिहून देतात. त्याही आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

पेजेवर किती दिवस

पहिले दोन-तीन दिवस पेज, आणि तीच उत्तम. उकड्या तांदळाची, पातळ, चिमूटभर मीठ. सोबत तोंडी लावायला घरचं लोणचं मागाल, पण ते थोडे दिवस विसरा. आई दर दोन तासांनी वाटी घेऊन खाटेशी उभी. "थोडी तरी घे रे." मी तोंड फिरवायचो आणि ती वाटी हातात तशीच धरून बसायची, वरची साय जमेपर्यंत.

पण महिनाभर पेजच घेतलीत तर अंगातलं मांस झडतं. जुलाब चालू असतानाही चौथ्या दिवसापासून प्रथिनं हवीत: नीट उकडलेलं अंडं, मऊ मुगाची खिचडी, ताज्या माशाची कमी तिखट, चांगली शिजलेली कढी. दूध काही आठवडे सोसत नाही, कारण दुधातली साखर पचवणारं एन्झाइमही त्याच खरवडलेल्या अस्तरात असतं. घरी उकळलेल्या दुधाचं ताजं दही पुष्कळांना चालतं. सोलकढी कच्च्या नारळाच्या रसाची असते, ती पोट बसल्यावर. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. मी वजन पुन्हा मिळवलं ते अंडी आणि बांगड्यावर.

पायात गोळे आले तर मॅग्नेशियम बघायला सांगा. टॅक्रोलिमसही ते घालवतं आणि जुलाबही.

संडास आणि हात

अल्कोहोलच्या सॅनिटायझरवर माझा करोनाकाळापासून फार विश्वास होता. नोरोवर तो नीट चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद, नखांसकट. शौचानंतर आणि जेवणाआधी तर हवंच.

घरात दुसरा संडास असेल तर तो तुमचा. नसेल तर तुमच्यानंतर पुसून घेतला पाहिजे, आणि फिनेलच्या वासावर भरवसा नको. क्लोरीनचं ब्लीच घ्या. बाटलीवर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलेलं असेल तर लिटरभर पाण्यात २० मिलि घातलं की १००० पीपीएमचं पाणी होतं. उलटी सांडली असेल तर आधी कागदाने उचला, मग जास्त कडक, लिटरला १०० मिलि. पाच मिनिटं ओलं राहू द्या, मग धुवा. नळाची चावी, फ्लशचं बटण, जेट स्प्रेची मूठ, कडी ही चार ठिकाणं लोक हमखास विसरतात. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि हे पाणी अ‍ॅसिडवाल्या टॉयलेट क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

हा विषाणू पसरायला अगदी मोजके कण पुरतात. त्यामुळे जुलाब चालू असेपर्यंत तुम्ही स्वयंपाकाला हात लावायचा नाही. घरातल्या दुसऱ्या कोणाला झालं तर त्यानेही, बरं वाटल्यावर आणखी दोन दिवस तरी. आमच्याकडे हा नियम आईला लागू करणं सगळ्यात अवघड गेलं.

घरात तान्हं बाळ असेल तर रोटाव्हायरसच्या डोसकडे लक्ष द्या. ती जिवंत विषाणूची लस आहे, ६, १० आणि १४ आठवड्यांना देतात. बाळाला ती जरूर द्यायची, पण नंतर काही आठवडे लस शौचातून बाहेर पडते. डोसनंतर चार आठवडे तुम्ही लंगोट बदलायचे नाहीत. पोलिओच्या तोंडी डोसाआधी बालरोगतज्ज्ञांना सांगा की घरात ट्रान्सप्लांटचा पेशंट आहे.

आपल्याकडच्या जागा, जिथून तो परत येतो

खुबे, तिसऱ्या, शिणाणे, कालवं. हे जीव पाणी गाळून जगतात, आणि पाण्यात जे असेल ते अंगात साठवतात. गावाचं सांडपाणी खाडीत जातं तिथलं कालव म्हणजे विषाणूची डबीच. आपण खुबे वाफेवर ठेवतो, शिंपली उघडली की उतरवतो. शिंपली उघडली म्हणजे शिजलं, असं नाही. नोरो साठेक अंश उष्णता सहज सोसतो. आतपर्यंत ९० अंश, दीड मिनिट मिळायला हवं. मी पहिलं वर्ष पूर्ण सोडले. आता खातो, पण घरचेच, रटरट उकळून मऊ व्हायच्या पुढे चामट होईपर्यंत. चवीच्या माणसाने हे वाचू नये.

विहिरीचं पाणी. जांभ्या दगडात पाणी झिरपतं, आणि पावसात सेप्टिक टँकचंही झिरपतं. आमची विहीर टाकीपासून लांब आहे, असं प्रत्येक घर सांगतं. नळाचं असो की विहिरीचं, खळखळा उकळी येऊन एक मिनिट जाऊ द्या आणि मग गार करा. क्लोरीनला दाद न देणारं क्रिप्टोस्पोरिडियमही उकळीला टिकत नाही. दात घासायलाही हेच पाणी. बर्फ, उसाचा रस, जत्रेतलं सरबत नको.

देवळातलं तीर्थ मी डोळ्यांना आणि डोक्याला लावतो, पीत नाही. भटजींना एकदा कारण सांगितलं, त्यांनी पुढच्या वेळेपासून माझ्या हातावर थेंबच टाकायला सुरुवात केली. पंचामृतही तसंच. चवथीला माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळांच्या मांडवीला, बांधलेलं तोरंजन, म्हणजे पपनस, मोह पाडतं, पण ते खाऊ नका. पपनस आणि ग्रेपफ्रूट त्याच एन्झाइमला अडवतात आणि टॅक्रोलिमसची लेव्हल चढवतात. जुलाबात तर दुप्पट गोंधळ.

कॅज्युअल्टीत गेल्यावर

बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात जा, जिल्हा इस्पितळात जा की जवळच्या खाजगीत, दारातच पहिलं वाक्य "मी किडनी ट्रान्सप्लांटचा पेशंट आहे" हे असू द्या. गर्दीच्या रात्री पोटदुखीला वेदनाशामक इंजेक्शन देऊन मोकळे करणं सहज घडतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नको. जेंटामायसिनसारखं किडनीला इजा करणारं अँटिबायोटिक नेफ्रॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय नको. क्लॅरिथ्रोमायसिन आणि फ्लुकोनाझोल टॅक्रोलिमस चढवतात. जुना डायलिसिसचा फिस्टुला (डायलिसिससाठी हातात जोडलेली रक्तवाहिनी) असेल तर त्या हाताला सुई नाही, प्रेशरचा पट्टा नाही.

हे सगळं ग्लानीत बोलता येत नाही. म्हणून एक कार्ड लिहून पाकिटात ठेवा: ऑपरेशनची तारीख, नेहमीचं क्रिएटिनिन, शेवटची टॅक्रोलिमस लेव्हल, चालू गोळ्या मात्रेसकट, नको असलेली औषधं, नेफ्रॉलॉजिस्टचा नंबर. सोबत गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आणि तीन दिवसांच्या गोळ्या. टॅक्रोलिमस रात्री कुठल्याही फार्मसीत मिळेल असं धरू नका.

माझं कार्ड आईने लिहिलंय. माझे हात तेव्हा थरथरत होते. तिचं अक्षर मोठं, शाळेतल्या फळ्यावरचं असावं तसं, आणि "क्रिएटिनिन" हा शब्द तिने तीनदा खोडून चौथ्यांदा बरोबर लिहिलाय. दोन वर्षं झाली, लेव्हल आणि मात्रा बदलल्या की मी त्यावर पांढरी पट्टी चिकटवून नवा आकडा लिहितो. कार्ड बदललेलं नाही.